काटा पाहून लिही

उमरेडच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग गाडीतल्या वरच्या फळीवर चढवली, खाली उतरले आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. मग पिशवीतून एक लांबट रजिस्टर काढून त्यांनी गजांमधून आत सरकवलं. कारखान्यातलं लॉगबुक होतं ते, कोरं. स्टोअरकीपरला विचारून घेतलेलं. डावीकडे तासांचा रकाना, मग दाब, पाण्याची पातळी, तापमान आणि शेवटी एक रुंद रकाना: शेरा.

"होस्टेलात वही लागंल तुले," ते म्हणाले. गाडी सुरू झाली तेव्हा चार पावलं सोबत चालले आणि इंजिनाच्या आवाजावर मोठ्यानं बोलले, "काटा पाहून लिही, बाई. अंदाजानं लिहू नको."

आई स्टँडवर आली नव्हती. तिनं दारातूनच सांगितलं होतं, "पोचली की फोन कर."

मी नागपूरला शिकायला निघाले होते. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. आजही कुणाला सांगितलं की मी घर सोडून आले, तर लोक हसतात. उमरेडहून नागपूर? हे काय घर सोडणं? आमच्या सोसायटीत ज्यांची मुलं समुद्रापार आहेत त्यांना तर ही थट्टाच वाटते. पण मी माझं म्हणणं मागे घेणार नाही. ज्या घरात परत राहायला जाता येत नाही ते घर सुटलेलं असतं. मग मध्ये समुद्र असो की पाचगाव आणि विहीरगाव. तुम्ही जे निघालात आणि तुम्ही जे मागे राहिलात, दोघांनाही हे माहीत आहे. किलोमीटर मोजणाऱ्यांसाठी मी हे लिहीत नाही.

बाबा उमरेडजवळच्या एका तेलाच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. तो कारखाना आता बंद आहे. बॉयलरच्या तबकडीवर एक काटा असतो आणि एक लाल रेघ. दर तासाला उठून जायचं, काटा पाहायचा, काचेच्या नळीतलं पाणी पाहायचं आणि आकडा लिहायचा. एवढंच काम, पण त्यात चूक झाली तर माणसं भाजतात. तरी बरेचजण उठत नसत. शिफ्टच्या सुरुवातीलाच आठही तासांचे आकडे भरून मोकळे होत. बाबा त्याला 'खुर्चीचं रीडिंग' म्हणत. त्या रीडिंगमध्ये काटा कधीच लाल रेघेच्या वर जात नसे, कारण वर गेलेला आकडा लिहिला की ऑफिसातून विचारणा होई. बाबांनी एकदा रेघेवरचा आकडा लिहिला आणि त्यांना मेमो मिळाला. तो मेमो त्यांनी घडी करून एका पुस्तकात ठेवला होता. दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून दरवर्षी एक पुस्तक आणायचं, अशी आमच्या घरची रीत. आजोबा छप्पन साली दीक्षा घेऊन आले तेव्हापासूनची. मी त्या पुस्तकांवर वाढले. तो मेमोही त्यातच वाचला.

मी मानसशास्त्र घेतलं, याचं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता येतं. माझ्या बीएच्या शेवटच्या वर्षापासून बाबा बदलले होते. पहाटे तीन-चारला उठून पलंगावर नुसते बसायचे. डब्यातली पोळी तशीच परत यायची. पुस्तक उघडायचे आणि पान उलटायचे नाहीत. छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे. गल्लीत या सगळ्याला एकच शब्द होता, गॅस. बाबांना गॅसची पावडर मिळाली. आईनं रात्रीची तुरीची डाळ बंद केली. कुणी जास्त विचारलं तर बाबा म्हणायचे, "मले काही नाही झालं. सब नॉर्मल."

शेजारच्या मेश्रामकाकू आईला म्हणाल्या होत्या, "पागलायचं शिकायले चालली म्हणे तुमची पोट्टी. लग्न कोण करंल वं तिच्याशी?" बाबा आतून बोलले, "शिकू द्या. कोणाले तरी समजलं पाहिजे."

त्या वाक्याचा अर्थ मी फार उशिरा लावला. एमएच्या पहिल्या वर्षी नैराश्याची लक्षणं असलेलं पान वर्गात उघडलं तेव्हा मला ते पान ओळखीचं वाटलं. आमच्या घराचं वर्णन होतं त्यात, फक्त उमरेडचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी मी फोन केला, सगळं सांगितलं, डॉक्टरांकडे चला म्हटलं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "अभ्यास कर तू. सब नॉर्मल." आणि मी अभ्यास केला. त्यांनी खुर्चीचं रीडिंग सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. पन्नास किलोमीटरवरून.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सगळे म्हणाले, गॅस आहे. ते स्वतःही तेच म्हणाले. तासाभरानं आईनं ऐकलं नाही, गल्लीतल्या एकाची जीप बोलावली आणि त्यांना घेऊन नागपूरला निघाली. मी इकडे दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. दर पाच मिनिटांनी फोन करत होते. कुठे पोचलात? चांपा. आता कुठे? पाचगाव. पाचगावनंतर आईनं फोन उचलला नाही. बाबांनी तिथेच तिच्या हातात हात ठेवून म्हटलं होतं, "काही नाही, गॅस आहे." ते त्यांचं शेवटचं वाक्य. जीप फाटकात आली तेव्हा आई त्यांचा हात धरूनच बसली होती. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मला लोक सांगतात की आता चार वर्षं झाली. माझ्या क्षेत्रातलेही सांगतात, जरा सौम्य शब्दांत. मी त्यांना सांगते की शोक हा आजार नाही आणि मला त्यातून बरं व्हायचं नाही. मी जेवते, झोपते, काम करते आणि मला माझे बाबा हवे आहेत. या चारही गोष्टी एका माणसात राहू शकतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी दुसरीकडे पाहावं.

आता कामाबद्दल. मी नागपुरात बेसा भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. मागच्या खोलीत एक टेबल आहे, लॅपटॉप आहे, कानाला हेडफोन आहे. तिथून मी लोकांवर उपचार करते. उदासी, भीती, धडधड, मन न लागणं यांवरचा हा बोलण्याचा उपचार आहे. विचार आणि कृती यांच्यावर पद्धतशीर काम करायचं, आठवड्याला पाऊण तास, आणि मधल्या दिवसांत गृहपाठ. माणसं उमरेडची असतात, कामठीची असतात, आणि इथूनच परदेशात गेलेलीही असतात. कुणी गच्चीवरून बोलतं, कुणी पार्किंगमधल्या गाडीत बसून, कारण घरात दार लावून बोलायची सोय नसते. त्यांच्याबद्दल मी इथे याहून जास्त लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

बाबांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, मला दर भेटीत विचारतात, "फोनवर बोलून कोणाचं डोस्कं दुरुस्त होते का वं?" मी म्हणते, "होते, मोठेबाबा. सगळ्यांचं नाही होत. गोळी लागते त्याले गोळीच लागते, त्याले डॉक्टरकडे धाडतो आम्ही. पण बऱ्याच जणांचं होते." ते मान हलवतात, "पैसे घेऊन गप्पा मारते." मी आधी चिडायचे. आता विचारते, "तुमच्या भावाशी कोणी फुकटात तरी गप्पा मारल्या का?" त्यावर ते पावसापाण्याचं काढतात. मी त्यांना त्यातून सुटू देत नाही.

मी ज्या संस्थेसाठी हे काम करते तिथून सुरुवातीला आम्हाला जे मराठी तक्ते मिळाले होते त्यात एका रकान्याचं नाव होतं 'स्वयंचलित नकारात्मक विचार'. भिवापूरच्या एखाद्या बाईनं ते वाचून मान खाली घातली असती. तिला वाटलं असतं, आपल्याला हेही येत नाही. मी बाबांचं रजिस्टर काढलं, रेघा बघितल्या आणि नवा तक्ता केला. काय झालं. काटा काय दाखवतो. अंदाज काय सांगतो. शेरा. काटा म्हणजे जे दिसलं, ऐकलं, मोजता आलं ते. अंदाज म्हणजे मनानं त्यावर रचलेलं. नवऱ्यानं फोन उचलला नाही, हा काटा. तो आपल्याला कंटाळला, हा अंदाज. संस्थेतल्या वरच्या लोकांनी हरकत घेतली की हे शब्द शास्त्रीय नाहीत. मी म्हटलं, नसतील, पण समजतात. तक्ता राहिला.

आणि मग आई.

बाबा गेल्यानंतर आई हळूहळू घरात आक्रसत गेली. आधी तिनं नागपूरला येणं सोडलं. मग रिक्षात बसणं. मग बाजार. शेवटी फाटकाबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधड, हात गार, घशाला कोरड, आणि आता आपण मरणार अशी खात्री. तिची छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं. तरी गल्लीत पुन्हा तोच शब्द फिरला, गॅस. मेश्रामकाकू पावडर घेऊन आल्या. मी ती पावडर त्यांच्यासमोर परत त्यांच्या हातात दिली. त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू दे. त्या पावडरीनं आमचा एक माणूस नेला होता.

नातेवाइकांची मागणी साधी होती. पोरगी हेच काम करते ना, मग नोकरी सोडावी, उमरेडला यावं आणि आईला बरं करावं. मोठेबाबा म्हणाले, "जगाले बरं करते अन् मायले नाही?" दोन्ही गोष्टींना मी नाही म्हटलं. परत येणार नाही, कारण त्या घरात राहून मी फक्त दुसरी आई झाले असते, फाटकाच्या आतली. आणि आईवर मी उपचार करणार नाही, कारण कुणीच आपल्या माणसावर करू नये. तिची भीती ज्या जीपमध्ये सुरू झाली त्या जीपमधल्या फोनच्या दुसऱ्या टोकाला मी उभी होते. मी काटा वाचणारी कशी होणार? यावर मला स्वार्थी म्हटलं गेलं. मी ते ऐकून घेतलं आणि निर्णय बदलला नाही.

मी आईला गौरीशी जोडून दिलं. गौरी माझ्यासारखंच काम करते. मूळची यवतमाळची, आता पुण्यात असते आणि अजून वऱ्हाडीच बोलते. आई तिला नावानं हाक मारत नाही. 'ते मोबाईलमधली पोट्टी' म्हणते.

पहिल्याच दिवशी गौरीनं तिला विचारलं, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचं आहे? लोक सांगतात, आनंदी व्हायचं आहे, पहिल्यासारखं व्हायचं आहे. आई म्हणाली, "पोरीच्या घरची जाळी काढायची आहे." आम्ही व्हिडिओवर बोलायचो तेव्हा माझ्या डोक्यामागे कोपऱ्यात छताला एक जाळं दिसायचं. तिनं माझं हे घर कधी पाहिलं नव्हतं. त्याचा एवढाच कोपरा तिच्या ओळखीचा होता आणि त्यात जाळं. गौरीनं ध्येयाच्या रकान्यात तसंच लिहिलं: नागपूरला मुलीकडे जाऊन जाळी काढणे. आईनं मला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी त्या दिवसापासून त्या जाळ्याला हात लावला नाही.

मग पायऱ्या ठरल्या. फाटक. कोपऱ्यावरचं दुकान. बाजार. बसस्टँड. उभ्या गाडीत बसून उतरणं. चांपा. आणि शेवटी नागपूर. प्रत्येक पायरीवर धडधड शून्य ते शंभरमध्ये मोजून लिहायची, आधी आणि नंतर. शून्य म्हणजे काहीच नाही, शंभर म्हणजे याहून जास्त होऊच शकत नाही. शिवाय धडधडीचीच भीती जावी म्हणून घरात जागच्या जागी धावायचं, छाती मुद्दाम धडधडू द्यायची आणि पाहायचं की काही होत नाही. आई सकाळी अंगणात पदर खोचून जागेवर धावायची. मेश्रामकाकूंनी भिंतीवरून विचारलं, "हे काय वं शीलाबाई, या वयात पीटी करून राहिल्या का?"

"हो," आई धापा टाकत म्हणाली, "शाळेत नाव घातलं."

"अन् गुरुजी कुठं आहेत?"

"मोबाईलात. छडी नाही त्याईच्यापाशी, म्हणून जाते."

मला वाटलं, सुटली. सव्वा महिन्यानं मी उमरेडला गेले तेव्हा आईनं आपणहून तक्ता दाखवला. फ्रिजवर चुंबकानं लावलेला. फाटक: आधी पन्नास, नंतर चाळीस. दुकान: पन्नास, चाळीस. बाजार: पन्नास, चाळीस. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या. एकही खाडाखोड नाही. गौरी खूश होती, म्हणे. पुढची पायरी बसस्टँडची.

मी तो तक्ता पाहिला आणि माझ्या बापाची मुलगी असल्यानं मला कळलं.

"आई, हे खुर्चीचं रीडिंग आहे."

तिनं भाजी चिरणं थांबवलं नाही. "हो."

"तू बाजारात गेलीच नाहीस?"

"दुकानापर्यंत गेली. बाजारात नाही."

"मग पन्नास काहून लिहिलं?"

"मग काय शंभर लिहू? शंभर लिहिलं की वरून विचारणा. तुझी गौरी विचारंल, तू विचारशील, मोठेबाबा म्हणतील पागलखान्यात टाका. पन्नास लिहिलं की कोणी काही विचारत नाही. बॉयलरवाल्याच्या घरात तीस वर्षं काढली मी."

मी बाबांचंच शस्त्र काढलं. दुसरं माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, बाबांनी कधी खोटा आकडा लिहिला नाही. मेमो घेतला, पण लिहिला नाही. काटा पाहून लिही, म्हणायचे.

आता तिनं विळी बाजूला सारली.

"तुझ्या बाबानं मशीनचं खरं लिहिलं. सोताचं खोटं लिहिलं. रोज. माझ्यापाशी बी. सब नॉर्मल, सब नॉर्मल. जीपमध्ये बी तेच. मशीनपायी मेमो घेतला त्यानं, माह्यापायी नाही घेतला. अन् मी खरं लिहू? मी काहून लिहू?"

मी फ्रिजवरचा तक्ता काढून हातात घेतला.

"अन् तू?" ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तुले विचारते मी फोनवर, कशी आहेस. ठीक. कधी बी विचारलं की ठीक. पाचगाव आलं की तू काय करतेस बसमध्ये? मले माहीत नाही का?"

मी विहीरगावला पुस्तक उघडते आणि चांपा येईपर्यंत मान वर करत नाही. चार वर्षं. जाताना आणि येताना. त्या पट्ट्यात मी आजवर एक पानही वाचलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं ते कसं ओळखलं, मला माहीत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "पुस्तक उघडते."

"अन् वाचतेस?"

"नाही."

"मग ते बी खुर्चीचंच," आई म्हणाली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो. मी गौरीला काही कळवलं नाही. तक्ता आईचा होता, सांगायचं की नाही हेही तिचंच होतं. पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. "सांगतलं मी त्या पोट्टीले, की मी खोटं लिहिलं म्हणून. मले वाटलं रागावंल. नाही रागावली वं. म्हणे, 'शीलाकाकू, माह्याकडून मेमो नाही येत. मले फक्त काटा पाह्यचा आहे.'" मग म्हणाली, "आज फाटकापाशी नव्वद होतं. लिहिलं."

त्यानंतरचे दोन महिने तो तक्ता खराब दिसत गेला. नव्वद, पंच्याऐंशी, पुन्हा पंच्याण्णव. खाडाखोडी. शेऱ्याच्या रकान्यात 'दुकानातून परत आली', 'रडली', 'आज नाही गेली'. मोठेबाबा म्हणाले, आधी बरी होती, आता बिघडवली तुम्ही. मी त्यांना समजावायच्या भानगडीत पडले नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो सगळ्यात चांगला कागद होता. आणि हळूहळू नंतरच्या रकान्यातले आकडे उतरत गेले. आई बाजारात गेली. उभ्या गाडीत बसून उतरली. कंडक्टरनं विचारलं, "बाई, जायचं नाही का?" तर म्हणाली, "आज फक्त बसायचं होतं." एकदा चांपापर्यंत येऊन परत गेली.

मग नागपूरची पायरी आली. त्यात गौरीनं एक नियम घातला. गाडीत बसल्यावर मुलीला फोन करायचा नाही आणि मुलीनंही करायचा नाही. कुणी सोबत आहे म्हणून वाचलो, असं मनाला वाटू द्यायचं नाही. नियम बरोबर होता. मी स्वतः तो लोकांना शेकडो वेळा सांगितला आहे. पण आमच्या घरात तो घालणं म्हणजे काय, हे गौरीला पूर्ण ठाऊक नव्हतं. पोचली की फोन कर, एवढ्या एका वाक्यावर आमचं घर दोन गावांत उभं होतं. आणि याच रस्त्यावर एकदा फोन उचलायचा थांबला होता.

सकाळी साडेनऊला आईचा फोन आला. "गाडी लागली. बसून राहिली मी." आणि ठेवला.

मी नागपूरच्या बसस्टँडवर जाऊन बाकावर बसले. फोन उलटा करून मांडीवर ठेवला. हात गार पडले होते. माझ्या मनानं जे जे रचायचं ते रचलं. ती उतरली असेल. रस्त्यात एकटी उभी असेल. याहून वाईटही. मला यातला प्रत्येक विचार नावानिशी ओळखता येतो, त्याचा रकाना सांगता येतो. ओळखल्यानं तो थांबतो, असं मात्र नाही. फक्त त्याला उत्तर द्यावं लागत नाही. एका बाईनं विचारलं, "उमरेडची गाडी आली का?" मी म्हटलं, "नाही." तो काटा होता. बाकी सगळा अंदाज. सव्वा तास मी त्या एका शब्दावर बसून काढला.

गाडी आली. आधी कॉलेजची पोरं उतरली, मग पिशव्या, मग एक म्हातारा. मग आई. पांढरी साडी, घामानं चिकटलेले केस, एका हातात कापडी पिशवी आणि तिच्यातून बाहेर आलेला झाडूचा दांडा. नागपुरात झाडू मिळत नाहीत असं तिला वाटलं असावं. मी धावले नाही. तीच चालत माझ्यापर्यंत आली, पिशवी खाली ठेवली आणि ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला.

गाडी हलत होती, त्यामुळे आकडे वेडेवाकडे होते. उमरेड, पंच्याऐंशी. चांपा, पंच्याण्णव. विहीरगाव, ऐंशी. दिघोरी, साठ. मधली ओळ मी शेवटी वाचली. पाचगाव, एकशे दहा.

"आई, शंभरच्या वर नसते."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "पण होतं. काटा पाहून लिहिलं." मग श्वास घेऊन, "उतरली नाही मी. खिडकीतून पाहत राहिली. तिथं आता रस्ता मोठा झाला वं. झाडं नाही राहिली."

ऑटोनं आम्ही बेसाला आलो. फ्लॅटमध्ये शिरल्यावर तिनं घर पाहिलं नाही, पाणी मागितलं नाही. सरळ मागच्या खोलीत गेली आणि टेबल ओढून वर चढू लागली. मी धरलं. तिनं दांड्याला कापड गुंडाळलं आणि कोपरा साफ केला. जाळं फारसं मोठं नव्हतं. व्हिडिओवर मोठं दिसायचं.

खाली उतरून तिनं तोच कागद टेबलावर ठेवला, माझ्या लॅपटॉपशेजारी. पाचगावच्या ओळीपुढे शेऱ्याची जागा रिकामी होती. तिथे बोट ठेवून म्हणाली, "अन् तुझं किती होतं, बाकावर?"

चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी विचारू दिला नव्हता. घर म्हणजे काय, हे आता कुणी मला विचारलं तर मी उमरेडचं नाव सांगत नाही, बेसाचंही नाही. घर म्हणजे जिथे हा आकडा खरा सांगता येतो आणि वरून मेमो येत नाही. बाबांना असं घर आम्ही दिलं नाही. त्यांनी ते मागितलं नाही, हे खरं आहे, पण ते कारण मी आता पुरेसं मानत नाही. मी मेलेल्या माणसासाठी काही करू शकत नाही. जिवंतांच्या बाबतीत मात्र मी कुणालाही पन्नास लिहू देणार नाही, लोक काहीही म्हणोत. स्वतःलाही नाही.

"नव्वद," मी म्हटलं.

आईनं पेन पुढे केलं. "मग लिही."

मी लिहिलं. परतीच्या गाडीत तिला पोचवायला जाईन तेव्हा पुस्तक घरी ठेवीन, असंही ठरवलं. हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पण जाळ्याचं बी लिही."